डाव्या कानाचा हिवाळा

दिवाळीचा कंदील उतरवला आणि पहाटे पंखा नकोसा झाला, की आमच्या घरात स्वेटर आणि गोधड्या वर काढल्या जातात. मी त्याआधी एक काम करते. खिडकीपाशी उभी राहते, उजव्या कानात बोट घालते आणि नुसत्या डाव्या कानाने करंजाड्याची सकाळ ऐकते. दूधवाल्याच्या सायकलची घंटी, समोरच्या गेटची कडी, वाळत घातलेल्या चादरीची फडफड. मागच्या हिवाळ्यात यातलं जेवढं ऐकू येत होतं तेवढं या वेळीही आलं, की बोट काढते आणि चहा टाकते. घरच्यांना हे ठाऊक आहे. तेवढा वेळ माझ्याशी कुणी बोलत नाही.

हवेत गारवा आला की माणसांना बोरं आठवतात, हुरडा आठवतो, शाळेची सहल आठवते. मला भीती आठवते. तिचा वास डंपरच्या धुरासारखा आहे आणि आवाज एका बारीक शिट्टीसारखा.

तो हिवाळा आला तेव्हा पनवेलजवळचं आमचं करंजाडं अर्धं नकाशात होतं आणि अर्धं जमिनीवर. रस्ते आधी झाले होते, माणसं मागून यायची होती. रुंद, सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना सेक्टरच्या पाट्या, हिरव्या जाळ्यांत गुंडाळलेल्या अर्ध्या इमारती, आणि मध्येच कुणाचातरी राहून गेलेला वालाच्या शेताचा तुकडा. पहाटे त्या तुकड्यावर दव असायचं. पलीकडून पेंढा जाळल्याचा वास यायचा. आम्ही नुकतेच पनवेलातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून इथे राहायला आलो होतो. माझी साखर वाढल्याचं त्याच सुमारास कळलं होतं आणि डॉक्टरांनी रोज झपाझप चालायला सांगितलं होतं. सांगितलेलं काम मी करते. बूट आणले, गजराची वेळ बदलली, डब्याची भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवायला लागले.

गाणी ही मधुराची कल्पना. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. तिने माझ्या मोबाइलमध्ये गाणी भरून दिली आणि इअरफोनची दोन बोंडं कानात कशी बसवायची ते दाखवलं. पुढचं काम मी केलं. कुठल्याही क्रमाने वाजणारी गाणी मला चालत नाहीत. आधी दोन सावकाश, अंग सैल व्हायला. मग ढोलकीची, पाय उचलायला. मग सिनेमातली, ज्यांच्या तालात चाललं की धाप लागते पण थांबावंसं वाटत नाही. शेवटी एक भावगीत. बासरी सुरू झाली की घराकडे वळायचं. घड्याळ बघावं लागत नसे.

भीतीबद्दल लिहायचं तर त्याआधीच्या आनंदाबद्दल लिहायला हवं, नाहीतर हिशेब पुरा होत नाही. गालांना थंडी झोंबत असायची, नाकाचा शेंडा बधिर व्हायचा आणि कानांत ढोलकी. दिवसभर मी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात लोकांचं ऐकत असे, घरी आल्यावर घरच्यांचं. त्या रस्त्यावर पहिल्यांदाच कुणी माझ्याकडून काही मागत नव्हतं. रिकाम्या सेक्टरमधून मी हात हलवत चालत असे आणि वाटे की हा रस्ता माझ्या पायांखाली तालात सरकतो आहे. चाळिशी उलटल्यावर असं काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

त्या रस्त्याने खडीचे डंपरही जात. एका सकाळी माझ्या दंडाला कुणीतरी असा हिसका दिला की मी बाजूच्या गटारावरच्या लादीवर जाऊन आदळले. डंपर गेला तेव्हा त्याची गरम हवा अंगावर आली. दंड धरणारी बाई मासेवाली होती. डोक्यावरची पाटी एका हाताने सांभाळत ती माझ्याकडे बघत होती. मी बोंडं काढली तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर आलं होतं.

"...कवाची हाका मारतंय. तुमाला ऐकू नाय येत काय?"

"गाणी चालू होती," मी म्हटलं.

"गानी?" तिने माझ्या हातातल्या वायरकडे पाहिलं. "मरताव ना गानी ऐकत ऐकत. आनि पोलीस इचारतील मला, की मावशी, बाय कशी मेली? काय सांगू, नाचत होती?"

मी हसले. तिच्याकडून मांदेली घेतली, त्या दिवशी मांदेली नको असताना.

घरी येताना मी विचार केला आणि उपाय काढला. मी फुटपाथच्या बाजूने चालते, वाहनं उजवीकडून जातात. तेव्हा उजवा कान रस्त्याला ठेवायचा आणि डावा गाण्याला. एकच बोंड घालायचं. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, ह्याला म्हणतात डोकं." मलाही तसंच वाटलं. फक्त एका कानाने गाणं पुरेना. मोकळ्या कानातून डंपर आत येई आणि ढोलकी बुडवून टाकी. मग मी आवाज वाढवला. चार दिवसांनी तोही कमी वाटू लागला, मग आणखी. मोबाइलच्या पडद्यावर आवाजाची पट्टी शेवटच्या टोकाला जाऊन टेकली. पायाला चपलेची सवय व्हावी तशी कानाला त्या आवाजाची सवय झाली. डंपरखाली येऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी होती.

मग ती सकाळ. घरी आले, बोंड काढलं, मोबाइल चार्जिंगला लावला, पोळ्यांचं पीठ काढलं. आणि लक्षात आलं की काहीतरी वाजतंय. बारीक, लांबलेली, न तुटणारी शिट्टी. कुकर चढवलेला नव्हता. फ्रिजला कान लावला. टीव्हीचा प्लग काढला. बाल्कनीचं दार लावलं, उघडलं. आवाज प्रत्येक खोलीत सारखाच होता.

"अहो, काही वाजतंय का?"

नवरा दाढी करत होता. त्याने नळ बंद केला, मान तिरकी केली. "नाही. काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

हे दोन शब्द माझ्या माहेरचे होते.

त्या हिवाळ्यात माझे बाबा अजून होते, पेणला असत. खोपोलीच्या बाजूच्या एका कारखान्यात त्यांचं उभं आयुष्य पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांपाशी गेलं. मी शाळेत असतानाच त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि माझ्या लग्नापर्यंत जवळजवळ काहीच येईनासं झालं. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांना सोसेना. त्यात सगळ्या भांड्यांचा आवाज येतो आणि माणसांचा येत नाही, असं ते म्हणत. मग घराने आपली सोय करून घेतली. त्यांना हाक मारायची तर फरशीवर पाय आपटायचा, किंवा दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करायचं. आणि त्यांच्याविषयी बोलायचं तर नुसता आवाज खाली घ्यायचा, कारण न जाणो, एखादा शब्द गेलाच तर. आत्या गेली तेव्हा बाबांना कधी सांगायचं, कुणी सांगायचं, न्यायचं की नाही, हे सगळं आम्ही त्यांच्या ताटासमोर बसून ठरवलं. ते वरणभात जेवत होते. मध्येच त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "काय झालं?" आणि आम्ही सगळे एकदम म्हणालो, "काही नाही."

आंधळ्याला माणसं हात देतात. बहिऱ्याचे विनोद सांगतात. आम्हीही सांगायचो, प्रेमाने. बाबाही हसायचे, आमचे चेहरे बघून.

म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. आपलं घर बहिऱ्या माणसाशी कसं वागेल हे मला अंदाजाने ठरवायचं नव्हतं, मी ते पाहिलेलं होतं. भीती वाटली की मी काम काढते. तेव्हा मी परीक्षा काढल्या. फोडणीत मोहरी टाकायची आणि आळीपाळीने एकेक कान बंद करायचा. उजव्या कानाने मोहरी तडतडे. डाव्या कानाने ती नुसती काळी पडताना दिसे. मधुरा अभ्यासाला बसली की तिच्या पेनचा कागदावरचा आवाज, काडेपेटीवर काडी ओढल्याचा आवाज, वाण्याकडून आणलेल्या पिशवीची चुरचुर. वरचे, बारीक, कोवळे आवाज डावीकडून निघून गेले होते. दार आपटल्याचं कळत होतं, दार हळू लावल्याचं कळत नव्हतं.

कचेरीत फोन वाजला की तो डाव्या कानाला लागतो, उजव्या हातात पेन हवं म्हणून. साहेब उशीखालून बोलल्यासारखे येऊ लागले. मी फोन उजवीकडे घेतला आणि डाव्या हाताने लिहायचा प्रयत्न केला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "काय गं, आता काय दोन्ही हातांनी पगार घेणार का?" मी हसले. त्या दिवसांत मी फार हसत असे. ऐकू न आलेल्या वाक्याला हसणं हे सर्वांत सुरक्षित उत्तर असतं.

थंडी वाढली, वालाच्या शेंगा भरल्या आणि आमच्याकडे शेतांवर पोपटीचे बेत सुरू झाले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या म्हात्र्यांनी त्यांच्या शेतावर बोलावलं होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, बटाटे, पुन्हा पाला, तोंड गच्च बंद आणि मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. तो पाला तापला की असा वास सुटतो की रायगडातलं माणूस कुठेही असलं तरी मान वळवील. सगळे जाळाभोवती बसले होते. चेहरे लाल, पाठी गार. बोलणं या टोकावरून त्या टोकाला उड्या मारत होतं. मी डावीकडच्या माणसांना हरवून बसले होते. उजवीकडे मान वळवावी तर वाक्य तोवर पलीकडे गेलेलं. सगळे हसले, मग मी हसले. म्हात्रे माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले आणि थांबले. म्हणजे प्रश्न होता. मी म्हटलं, "हो हो." पुन्हा सगळे हसले, या वेळी वेगळं.

"आई, ते विचारत होते, मीठ हवंय की तिखट," मधुरा नंतर गाडीत म्हणाली.

"मग काय हसायचं त्यात?"

"काही नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मागच्या सीटवर मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

दुसऱ्या आठवड्यात बाजारात जाते असं सांगून मी पनवेलात कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात दिवा धरून पाहिलं आणि तपासणीसाठी आतल्या खोलीत पाठवलं. ती खोली म्हणजे एक कपाटच होतं. भिंतींना सतरंजीसारखं जाड कापड, जाड दार, बाहेर बघायला काचेची छोटी चौकट. चौकटीपलीकडे एक तरुण मुलगी यंत्रापाशी बसली होती. तिने माझ्या डोक्यावर जड हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, ताई. कितीही बारीक असू दे."

दार लागलं. एवढी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत माझी शिट्टी सबंध खोली भरून उभी राहिली. मला तिथून पळावंसं वाटलं. मग उजव्या कानात टूं आलं. दाबलं. पुन्हा, जरा लहान. दाबलं. पुन्हा. ती मुलगी किती अंतराने वाजवते हे माझ्या ध्यानात आलं. मी रोज सकाळी गाण्यांच्या तालावर चाललेली बाई होते, मला ते अंतर पकडायला वेळ लागला नाही. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा आवाज लवकरच संपले. मी घाबरले. आणि मी दाबत राहिले. आवाज नव्हता, पण तो कधी यायला हवा हे मला माहीत होतं. टूं, थांब, टूं, थांब. अंगठा आपोआप चालत होता. त्या क्षणी मला खरोखर वाटत होतं की मी बरोबर दाबलं तर कान बरोबर होईल.

हेडफोनमधून तिचा आवाज आला. "ताई, आता मी काहीच वाजवलं नव्हतं."

मी काचेकडे पाहिलं.

"अंदाजाने नका दाबू. ही परीक्षा नाहीये."

"सवय झाली हो," मी म्हटलं.

"होते पुष्कळांना," ती म्हणाली. "आपण पहिल्यापासून करू. आता मी वेगवेगळ्या वेळाने वाजवीन."

दुसऱ्या वेळी मी हात मांडीवर ठेवून बसले आणि वाट पाहिली. डाव्या कानात फार वेळ काहीच आलं नाही. ती वाजवत होती. तिची बोटं मला काचेतून हलताना दिसत होती.

डॉक्टरांनी आलेख माझ्यासमोर ठेवला. रेघ बराच वेळ वरच्या बाजूने चालत होती आणि मग खंडाळ्याचा घाट उतरावा तशी खाली गेली होती. हे एका दिवसात झालेलं नाही, ते म्हणाले. जे गेलंय ते परत येणार नाही, राहिलेलं सांभाळता येईल. शिट्टी कमी होईल किंवा राहील, सांगता येत नाही. मी विचारलं, चालणं बंद करू का? "छे, चाला की. साखर वाढली तर ती कानालाही वाईट. चाला, पण त्या डंपरच्या रस्त्याने नको. आणि गाणी ऐकाल तर दोन्ही कानांत, हळू. शेजारचा बोलला तर त्याचं ऐकू आलं पाहिजे." मी वडिलांचं सांगितलं. त्यांचं कारण वेगळं, तुमचं वेगळं, ते म्हणाले. मला ते पटलं. भीतीला पटलं नाही.

त्यानंतर मी रस्ता बदलला. तळ्याच्या बाजूने जाऊ लागले, कानांत काही न घालता. पाण्यावर धुकं असे. लोक जोडीजोडीने बोलत जात. मी माझ्या शिट्टीबरोबर चालत असे. ढोलकी नसल्याने पाय कधी उचलायचे ते कळत नसे. एखाद्या सकाळी उठल्यावर वाटे, गेली. मी श्वास रोखून पडून राही. मग ती येई, आपली जागा सापडल्यासारखी.

भोगीला आम्ही तिघं पेणला गेलो. दादा-वहिनी बाबांजवळ राहत. स्वयंपाकघरात भोगीची भाजी चढलेली, बाजरीच्या भाकरीवर तीळ थापणं चाललेलं, आणि सगळे तिथेच गोळा झालेले, नवरासुद्धा. मी पडवीत बाबांसमोर बसले. माझे ओठ दिसतील अशी.

"बाबा, तुमचे कान गेले तेव्हा आधी काय झालं?"

त्यांना कळलं नाही. मी कानाला हात लावून पुन्हा विचारलं, सावकाश. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

"शिट्टी," ते म्हणाले. बाबा शेताच्या पलीकडच्या बांधावर माणूस उभा असल्यासारखे बोलत. "आधी शिट्टी. मला वाटलं कारखान्यातनं कानात बसून येतेय. रविवारी जाईल. तर रविवारीपण होती."

"मग?"

"मग सवय झाली."

"आता आहे?"

"आहे ना. बाकीचं गेलं. ती आहे."

बाहेर ऊन होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी समजत होते की बाबा शांततेत बसलेले असतात. आम्ही त्यांच्या शांततेची कीव करायचो, कधी कधी हेवाही करायचो. आणि त्या पूर्ण काळात, आमची वाक्यं एकेक करून त्यांच्यापर्यंत येईनाशी होत असताना, वरणभात जेवताना, आत्या गेलेली कळायच्या आधी आणि कळल्यावर, तो एकच आवाज त्यांच्याबरोबर होता.

माझा हात डाव्या कानाकडे गेला असावा. डोळ्यांवरच जगलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं.

"तुलापण वाजतंय काय गं?"

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं असेल ते. आत कढईतली पळी थांबली. मी घाईने ओठांवर बोट ठेवलं. बाबांना समजलं. ते पुढे वाकले, तोंडाआड हात धरला आणि त्यांना जी कुजबुज वाटत होती तशा आवाजात म्हणाले, "बरं. कुणाला नाही सांगत."

आत पळी पुन्हा कढईत फिरली. मग बोलणं पुन्हा सुरू झालं, पण खाली. आधी वहिनीचा आवाज, मग नवऱ्याचा जड, मग मधुराचा. तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. मीच कितीदा तसा काढला होता. फक्त त्याची ही बाजू मला ठाऊक नव्हती. मी मान वळवून उजवा कान दाराकडे केला. शब्द लागेनात.

मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. "जे बोलायचंय ते मोठ्याने बोला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मधुराच्या बोटांना तीळ चिकटलेले होते. नवऱ्याने नजर कढईकडे वळवली.

"अहो वन्सं," वहिनी म्हणाली, "भाजीत मीठ कमी पडलंय, एवढंच म्हणत होतो आम्ही."

मी पुढे झाले, पळीने थोडी भाजी तळहातावर घेतली आणि चाखली. मीठ बरोबर होतं.